पोकळ डब्यांवर माझी सही नाही

मी, हे लिहिणारा, वय एकाहत्तर, वाहन तपासणी केंद्राचा आणि लगतच्या गॅरेजचा मालक, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणाचं ऐकून नव्हे तर बरंच काही पाहून ही माझी अखेरची इच्छा लिहितो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं थोरल्याला दिलं होतं.

राहतं घर पत्नीला. "आई, सही कर ना" म्हणत कुणी लाडात येऊन तिच्यापुढे कागद सरकवायचा नाही.

गॅरेज आणि हत्यारं थोरल्याला. त्याचा हात चांगला आहे, म्हणूनच किळस येते. डिझेल गाडीची काजळी अडवणारा फिल्टर तो कापतो, आतली जाळी उकिरड्यात टाकतो आणि रिकामा डबा अशा सफाईने पुन्हा जोडतो की सांधा दिसत नाही. विचारलं तर म्हणाला, "बाबा, पासिंगवाले डबा बघतात. आत काय आहे ते कोण बघतंय?" ते पासिंगवाले आपणच, याची त्याला लाज नाही. गिऱ्हाइकाचं डिझेल वाचतं आणि काजळी दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत बसते. चोर निदान लपून येतो. हा पावती देतो.

माझी पिकअप भंगारात द्यावी. वाहनमालकांच्या सभेत मी याच हरामखोरीवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. निघताना पिकअप चालू केली, तर काळा लोट थेट पहिल्या रांगेवर. "भाषण पास, गाडी नापास," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या वाजवणारेच पोट धरून हसले. चिरंजीवांनी मला न विचारता माझा फिल्टरही पोकळ केला होता. "तुमच्यासाठीच केलं, चढाला दमत होती."

तपासणी केंद्र सूनबाईला, एकटीला. तिथली तपासणी तीच करते. सभेच्या दुसऱ्याच दिवशी तिने पिकअपचा धूर मोजला आणि नापासाचा कागद माझ्या हातात ठेवला.

"बाबा, मालकाची गाडी म्हणून शेरा बदलू का?"

"नको."

"मग ह्यांच्या गॅरेजातली प्रत्येक गाडी अशीच तपासेन. घरात भांडण होईल."

"होऊ दे."

झालं. भांडी आपटली, अबोला झाला. तिने शेरा बदलला नाही. थोरल्याने केंद्राची किल्ली मागितली तर देऊ नये. नवरा म्हणूनही नाही.

बँकेतली शिल्लक आणि पुस्तकं धाकट्या मुलीला. थोरल्याने ती पुस्तकं जॅकखाली लावली असती.

मला स्मशानात नेणारी गाडी आधी सूनबाईने तपासावी. फिल्टरमध्ये कॅमेऱ्याची नळी घालून बघावं. पोकळ निघाला तर मला खांद्यावरून न्यावं. पुढचा खांदा थोरल्याचा. रस्ता लांबचा आणि रहदारीचा आहे. त्याला तोंडावर धरायला रुमाल देऊ नये.

स्थळ: केंद्राच्या माडीवरची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर
सही: केंद्रमालक

साक्षीदार:
शेजारचा टायरवाला. समोर बसून ऐकलं, मग सही केली.
घरचे डॉक्टर. लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे. संतापलेला आहे, पण तो आजार नव्हे.