निळे सगळ्यात शेवटी

४ जुलै, सोमवार

आज पुन्हा तेच! खेळ संपवून हात धुवायला न्यायचं, तर बालवाडीतली बावीस पोरं बावीस दिशांना. एकाचं कपाळ दारावर आपटलं. मोठ्या बाई बघत होत्या, नेमक्या! म्हणाल्या, "शुक्रवारी मी वर्गात बसणार. आणि ती ढिम्म बसून राहते ना, तिला रांगेत जाणं जमलं नाही तर नाव कमी करू. पुढच्या वर्षी या म्हणावं."

साडेतीन वर्षांची पोर ती! नाव कमी करतात म्हणे. मी पण बघतेच.

५ जुलै

आता कपड्यांच्या रंगाने हाक मारायची. "लाल — बेडूक!" लाल कपडेवाले उड्या मारत नळाकडे. पिवळे चवड्यांवर, हिरवे हत्तीच्या चालीने, निळे शेवटी, हात पसरून विमान. धक्का नाही, रडारड नाही! फक्त आमची ढिम्मी. अंगात लाल फ्रॉक, पण हूं की चूं नाही. सगळे गेल्यावर उठली.

घरी 'हे' म्हणतात, "आम्हालाही रंगानेच जेवायला बोलाव." चेष्टा सुचतेय!

६ जुलै

ढिम्मी निळ्या फ्रॉकात. "निळे!" म्हटलं आणि उठली! जिंकले.

७ जुलै

कसली जिंकतेय. आज पुन्हा निळा फ्रॉक. उद्या मोठ्या बाईंसमोर घोटाळा नको, तिचं आधी उरकावं म्हणून निळ्यांना आधी बोलावलं, तर बाईसाहेब जागच्या हलेनात. रंग कळत नसतील का? मणी पुढे ठेवले. सगळे रंग बरोबर ओळखले, वर माझ्याकडे बघून हसली. मग अडतंय कुठे?

८ जुलै, शुक्रवार

आज अंगात पिवळा फ्रॉक. "पिवळे!" म्हटलं, नाही उठली. बाकी एकवीस जण शहाण्यासारखे गेले, त्याचं कुणाला काय!

मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी कळवते तिच्या घरी." मी म्हटलं, "सोमवारची रांग बघा, मग कळवा." आवाज चढला माझा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चढू दे.

९ जुलै

ढिम्मीची आई भेटायला आली. रडवेली झाली होती. "रोज निळाच फ्रॉक मागते हो, रात्री धुवून सकाळी घालते, काल वाळलाच नाही. म्हणते, निळे शेवटी जातात. शेवटच्याला बाई हात देतात."

खरंच की! रांगेतला शेवटचा मागे राहू नये म्हणून मी त्याचा हात धरते. सवयीने, न बघता. आणि मी तिला मणी ओळखायला लावत होते! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

११ जुलै, सोमवार

आज रांगेच्या पुढे उभी राहिले. हात पुढे केला आणि म्हटलं, "निळे!"

ढिम्मी पळत आली, माझा हात धरून रांगेत पहिली. दारातून मोठ्या बाईंनी विचारलं, "ती ढिम्म बसणारी कुठंय?"