दोर नवा, दुपटं जुनं

बाबा, पाळण्याला नवा दोर बांधलाय. श्रीवर्धनला जाऊन मीच आणला. दुकानातच दोन्ही हातांत धरून, एका टोकावर पाय देऊन ताणून बघितला, तुम्ही बघायचात तसा. दुकानदार म्हणाला, "लाँच बांधायचीय का?" मी म्हटलं, "नाही हो, मुलगी." तो हसला आणि हातभर दोर जास्त दिला. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. ती पाळण्यात झोपलीय, तिची आई आतल्या खोलीत झोपलीय, आणि आपली आई ओटीवर बोंबील साफ करत बसलीय. मला झोप येत नाहीये. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि या तीन महिन्यांत मी तुमच्याशी मनातल्या मनात जेवढं बोललो तेवढं तुम्ही असतानाही बोललो नसेन. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. इंग्लिश मीडियमला तुम्हीच घातलंत, तेव्हा आता चालवून घ्या.

हिला आठवा महिना लागला तेव्हा मी पनवेलच्या फ्लॅटमध्ये एक मोठी लिस्ट बनवली. म्हणजे लॅपटॉपवर, रंग वगैरे देऊन. हिरवं म्हणजे सेकंडहँड घ्यायचं, पिवळं म्हणजे नवं, लाल म्हणजे घ्यायचंच नाही. शंभर व्हिडिओ बघितले असतील. ही म्हणायची, "तू बाप होतोयस की बोर्डाच्या परीक्षेला बसतोयस?" आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोर व्हायचंय का दुकान टाकायचंय? आणि पोर यायच्या आधी घरात काय आणू नको हां, सांगून ठेवते." मी म्हटलं, आणत नाहीये, फक्त बघतोय. खोटं होतं ते. एक बाथटब आणि एक बाबागाडी आधीच गॅलरीत येऊन बसली होती. पण मी खरंच झपाटलो होतो बाबा. मला वाटायचं, लोक चार महिन्यांसाठी नवी वस्तू घेतात आणि मग ती माळ्यावर टाकतात, हा केवढा वेडेपणा आहे. आपण शहाणे. आपली लिस्ट जवळजवळ सगळी हिरवी.

त्यात कारसीट पण हिरवी होती. कारसीट म्हणजे गाडीत मागच्या सीटवर बांधायची छोटी खुर्ची, बाळाला पट्ट्यांनी आवळून बसवायची. सव्वा महिन्यानं हिला आणि बाळाला माहेरून इथे गावी आणायचं होतं, एवढा घाटाचा रस्ता, म्हणून ती हवीच होती. नागावला एक होमस्टेवाले होते, त्यांचा मुलगा मोठा झाला म्हणून ते जुन्या वस्तूंच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विकत होते. मी सुट्टी काढून गेलो. माणूस एकदम चांगला, शहाळं फोडून दिलं, सीट पुसून स्वतः गाडीत ठेवली. चकाचक होती. घरी आणल्यावर हिनं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढी एक नवी घेऊया का? बाकी सगळं जुनं चालेल मला." मग मी लेक्चर दिलं. प्लास्टिक, कचरा, समुद्र, सगळं. ती ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "माझं नको ऐकूस. पण कुणाला तरी विचार तरी." मी कुणालाच विचारलं नाही. मला वाटलं, सगळं मलाच तर माहितीय.

पुढच्या शनिवारी ती सीट आईला दाखवायला म्हणून, ओरडा खायच्या तयारीनं, डिकीत टाकून मी इथे आलो. खरं काम पाळण्याचं होतं. तुम्ही मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांचा केलेला तो पाळणा, माझा. लिस्टमध्ये तो सगळ्यात गडद हिरवा होता. माळ्यावरून खाली काढला, धूळ झटकली, आणि बघतो तर चारही कोपऱ्यांना दोराची वीतभर टोकं फक्त. बाकी दोर नाहीच. मी म्हटलं, "आई, उंदरांनी खाल्ला वाटतं."

"उंदीर काय कोयता घेऊन फिरतात?" आई म्हणाली. "नीट बघ. कापलाय तो. तुझ्या बापानं कापला."

टोकं खरंच एका घावात तुटलेली होती. आई सांगत होती, "तू पाळण्यात मावंनास झालास त्या दिवशी खाली काढला आणि बसले कापत. मी म्हटलं, राहू द्या, चांगला हाय, दुसऱ्याला व्हईल. तर म्हणं, दुसऱ्याला नवा आणीन. मला वाईट वाटलं. तू वाढलास ना त्या दोरावर. तीन दिवस बोलले न्हाय मी त्यांच्याशी." मग फळीवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "दुसरं झालंच न्हाय. पण दोर मात्र त्यांनी ठेवला न्हाय."

मी तिथेच दारात उभा होतो आणि माझे पाय त्या निळ्या पायपुसण्यावर होते.

तुम्हाला आठवत असेल. मी पाचवीत होतो. रविवारी तुमच्याबरोबर दिघीला जायचो, लाँचवर, आगरदांड्याला चार-पाच फेऱ्या मारायचो, आणि तुम्ही दोर फेकलात की खुंट्याला गुंडाळायचं काम माझं. एका रविवारी मला वाळूत निळा नायलॉनचा दोर सापडतो. भरतीबरोबर वाहून आलेला, जाडजूड, अगदी नवा दिसणारा. मला वाटतं केवढी लॉटरी. आपला दोर तर झिजून करडा झालाय. तुम्ही इंजिनवाल्याशी बोलताय, माणसं चढतायत, आणि मी तुम्हाला सरप्राईज म्हणून आपला दोर सोडून तो निळा बांधतो. त्या माणसांत माझ्या वर्गातला एक मुलगा आहे, त्याचे आईवडील आहेत, म्हणून जरा जास्तच ऐटीत बांधतो. तुम्ही वळता. पहिला आपला दोर परत बांधता, मग तो निळा सोडता, आतून कोयता आणता आणि सगळ्यांसमोर त्याचे हातहातभर तुकडे करता. "फुकटचा दोर बांधतोस? माणसं चढतायत, दिसत न्हाय?" मी म्हणतो, "नवा आहे तो." तुम्ही म्हणता, "नवा दिसतो. कुणाच्या हातनं कसले झटके खाऊन आलाय, ते दोर सांगतो काय? तो तुटतो तेव्हाच सांगतो." वर्गातला मुलगा बघत असतो. मला वाटतं पाण्यात उडी मारावी.

त्यानंतर मी दोन महिने लाँचवर आलो नाही. मला वाटलं तुम्हाला माझा राग आला, मी काहीतरी भिकाऱ्यासारखं केलं म्हणून. तुम्ही कधी त्यावर बोलला नाहीत. त्या तुकड्यांचं पायपुसणं विणलंत आणि दारात टाकलंत, आणि मी कितीतरी दिवस त्याच्यावर पाय न देता उडी मारून घरात यायचो. लाँचचा जुना दोर उतरवला की तुम्ही तोही असाच तोडायचात, कधी कुणाला अख्खा दिला नाहीत. लोक मागायचे, गुरं बांधायला, होडी बांधायला. तुम्ही तुकडे द्यायचात. मला वाटायचं, आपले बाबा कंजूस आहेत.

आणि गंमत म्हणजे बाकी सगळं आपल्याकडे जुनंच होतं. माझी पुस्तकं जुनी, युनिफॉर्म शेजारच्या मोहल्ल्यातल्या खालाच्या मुलाचा, लाँचला बाजूनं लावलेले टायर तर ट्रकचे टाकून दिलेले. मोटरसायकल तुम्ही तिसऱ्या हातची घेतलीत, पण हेल्मेट मात्र खोक्यातून काढलेलं, नवंकोरं. नाक्यावर सगळे हसले होते, "गाडी भंगार आणि टोपी शोरूमची!" तुम्ही पण हसलात. तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं. त्या शनिवारी ओटीवर बसून पाळण्याच्या फळ्यांवर मी बोटानं ठोकून बघत होतो, आणि फळी खणखणीत वाजत होती. लाकूड सांगतं की मी आतून बरं आहे. कापड हाताला सांगतं. दोर सांगत नाही. आणि माझ्या डिकीत, पट्टे असलेली, चकाचक, न बोलणारी एक वस्तू पडलेली होती.

मी तिथूनच नागावला फोन लावला. खूप गोल गोल फिरवून विचारलं. तो माणूस बिचारा सरळ होता. "हो, एकदा ठोकली होती की गाडी, वडखळजवळ. बाळ नव्हतं हो आत, सीट नुसतीच बांधलेली होती. तिला काय झालं नाही, दिसतंय ना तुम्हाला." मी म्हटलं, तुम्ही सांगितलं नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर मलाच समजावत होता जुनं घेणं कसं चांगलं." फोन ठेवला आणि हिला फोन केला. म्हटलं, नवी घेऊया. मला वाटलं आता टोमणा येणार. ती म्हणाली, "कुणाला विचारलंस?" मी म्हटलं, "बाबांना." ती म्हणाली, "बरं झालं."

संध्याकाळी खाला आली. तिचा थोरला आता दुबईला असतो, त्याच्याच मुलांचे कपडे, एक पिशवी भरून झबली आणि टोपडी. आईनंच मागितली होती. पहिला कपडा मागून आणलेला हवा, पोरं खेळतात त्या घरातला, आणि तो आधी आणलेला चालतो, हे आईचं म्हणणं. मी आता सगळ्याच जुन्याला जरा नाक मुरडणार होतो तेवढ्यात खाला म्हणाली, "हात लावून बघ रं, लोणी झालंय नुसतं. नवं टोचंल त्या जिवाला. तुझा युनिफॉर्म टोचला कधी तुला?" खरंच नाही टोचला. आईनं तुमच्या दोन लुंग्या आणि तिची एक सुती साडी मिळून दुपटं शिवलं. आत्ता तेच पांघरून झोपलीय ती.

तिला आणलं त्याचं सांगतो. परवा सकाळी हिच्या माहेरून, पनवेलहूनच, निघालो. ही मागे, तिच्या शेजारी नवी सीट, त्यात ती, उलट्या तोंडानं बसवलेली, पट्टे आवळलेले. मी एवढा हळू चालवत होतो की एसटीवाला ओव्हरटेक करताना माझ्याकडे बघून गेला. म्हसळ्याच्या अलीकडे एका वळणावर समोर अचानक गुरं. मी कच्चकन ब्रेक मारला. माझा पट्टा छातीत रुतला, पुढची पाण्याची बाटली काचेवर आपटली. मी वळून बघितलं. ती झोपलेली होती बाबा. ओठ चोखत. काही झालंच नव्हतं तिच्या जगात. गुरं आरामात गेली, शेवटची म्हैस तर थांबून बघत होती. हिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या जुन्या सीटचे पट्टे कापलेस ना?"

"कापले," मी म्हटलं. आणि मग पुढे दिघीपर्यंत आम्ही दोघं उगाच हसत होतो. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पट्टे मी तुमच्याच कोयत्यानं कापले. त्याच शनिवार-रविवारी. हातहातभर तुकडे. प्लास्टिकचा सांगाडा भंगारात दिला, आणि त्यातली गादी आईनं ठेवून घेतली, म्हणाली चांगली मऊ हाय. आत्ता ओटीवर ती त्याच गादीवर बसलीय, बोंबील साफ करत. पाळण्याचा हा नवा दोर पण मुलगी मोठी झाली की मी कापणार आहे, आणि तेव्हा ही माझ्याशी तीन दिवस बोलणार नाही, ते मला दिसतंय.

पण कापायच्या आधीचं एक राहिलं. हे हिला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि हा कागद मी कारसीटच्या बिलाबरोबर घडी करून ठेवणार आहे, तेव्हा कुणी वाचणारही नाही. शनिवारी नागावचा फोन झाल्यावर मला वाटलं, आपण नाही वापरणार, पण फेकायची तरी कशाला. मी फोटो काढले, चांगल्या उजेडात, आणि त्याच ग्रुपवर टाकली. रविवारी सकाळी रोह्याच्या एका बाईचा मेसेज आला. सातवा महिना चालू आहे, घ्यायची आहे, आणि खाली लिहिलं होतं, "सीट ॲक्सिडेंटमधली नाही ना? मिस्टर म्हणतात विचारून घे."

शेवटी मी तिला खरं ते लिहिलं, जाहिरात काढली आणि कोयता शोधायला उठलो. हिला वाटतं मी पहिल्यापासून तेच करणार होतो. पण त्याच्या आधी मी "नाही" असं टाईप केलं होतं, बाबा. तेवढा एकच शब्द. तो स्क्रीनवर बराच वेळ होता, आणि माझा अंगठा बटणावर होता, आणि पाय पायपुसण्यावर.