कडेला काढलेला हात

दोन रात्री मला झोप नाय. येत्या बुधवारी माझ्या गर्भाच्या पिशवीतली गाठ काढणार आहेत. पण झोप गाठीमुळे गेली नाय, श्रीपती सरांमुळे गेली. त्यांच्यावर मी खोटा आळ घातला. तो तसाच ठेवून मरायची मला भीती वाटते.

मी राही, केरू आडिवरेकर यांची बायको (नवऱ्याचं नाव घेत नाय मी, इथे घ्यावं लागतं), वय सव्वीस, शिक्षण चौथी, राहणार मिरजोळे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाय. धाक आहे, पण तो माझा मलाच आहे.

माझ्या नावावर घर नाय, जमीन नाय. जे आहे ते असं.

कानातले डूल माझ्या मुलीला, नीरजाला. ती आठ वर्षांची आहे, मोठी होईपर्यंत ते शेजारच्या मथुरावहिनीकडे असू द्यावेत. आईची मासे कापायची कोयती वहिनीलाच, तिची मेली कधी धारच धरत नाय. निळी साडी माझी नणंद मागेल. तिला देऊ नये. बाळंतपणात तिने मला शिळी पेज वाढली होती.

तांदळाच्या डब्यात तळाला प्लास्टिकच्या पिशवीत चित्रांचे कागद आहेत. त्यांचं सांगायला वेळ लागेल.

नीरजा पाच वर्षांची असताना मी तिला दर रविवारी सरांच्या चित्रकलेच्या वर्गाला न्यायचे. सर शाळेतून रिटायर झालेले, घराच्या पडवीत पोरांना शिकवायचे. मी पायरीवर बसून वाट बघायचे. एकदा त्यांनी मलाच कागद दिला. म्हणाले, "नुसती बसतेस कशाला? रेघा ओढ. पट्टी न घेता."

दोन महिने नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, तिरक्या. "हात खांद्यातून हलव गो, पीठ चाळतेस काय?" मग तांब्या ठेवला समोर. त्याचं तोंड मी पुरं गोल काढलं. सर म्हणाले, "वरून तांब्यात पडलीस काय? पायरीवर बस नि बघ, तोंड किती चपटं दिसतं ते." पोरं हसली, मीपण हसले. मग एकदा बांगडा काढला, तेव्हा सर कितीतरी वेळ बघत राहिले. "ह्यात मी काय सांगणार? मासळी तू मला शिकव." त्या दिवशी सरांच्या बायकोने, उल्काकाकूंनी, मला चहा दिला तो कपबशीतून. शाळा सुटल्यापासून 'तुझं बरोबर आहे' असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

सरांची एक रीत होती. आमच्या चित्राला ते पेन्सिल लावायचे नाहीत. चुकलं असेल ते कागदाच्या कडेला स्वतः छोटं काढून दाखवायचे आणि खाली सही, तारीख टाकायचे. मला सांगितलं, घरी रोज स्वतःचा डावा हात समोर ठेवून काढ. मी काढायचे, बांगड्यांसकट, मनगटावरच्या गोंदणासकट. अंगठा काय जमायचा नाय. सरांनी माझ्या चित्रावरून बघून कडेला तोच हात नीट काढला. बांगड्या, गोंदण, सगळं. खाली सही.

तो कागद आमच्या ह्यांच्या हातात पडला.

"ह्यो हात कोनाचा? गोंदन तुजं नि सही त्याची? म्हंजे तू हात पुढं करून बसलीस नि तो बघीत बसला?"

सर कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाय, एवढंच सांगायचं होतं. पण ह्यांचा हात उठलेला बघितला आणि माझ्या तोंडातून आलं, "तेच मला थांबवून ठेवतात. मी नको म्हणते."

त्या रविवारी माझा भाऊ काशीराम नाटे बंदरावरून दोघांना घेऊन आला. पोरांसमोर सरांची गचांडी धरली. "म्हातारा झालास नि बायकांचे हात काढतोस?" चित्रं काढायच्या फळ्या मोडल्या. मला तिथे नेऊन उभी केली होती. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "राही, तू सांग ना गो ह्यांना."

मी फरशीकडे बघत राहिले.

वर्ग बंद झाला. बाजारात सर दिसले की बायका पोरींना पलीकडून न्यायच्या. पावसाळ्याआधी दोघं घर विकून दापोलीला मुलीकडे गेली. ह्याला तीन वर्षं होतील.

ह्यांनी बरेच कागद चुलीत घातले, मी लपवले ते राहिले. मी अजून काढते, कॅलेंडरच्या पाठी. कडेला माझी चूक मीच काढून बघते, पण मला ती दिसतच नाय. आणि लिहायला लाज वाटते, पण काढायला बसले की बरं वाटतं. ज्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाय त्यांचीच विद्या घेऊन मी बरी होते.

ते सगळे कागद सरांना द्यावेत. नीरजाला चित्र काढायला कोणी अडवू नये. मोठी झाल्यावर तिला हे वाचायला द्यावं, तिची आई वाईट दिसली तरी.

आता एक राहिलं. लिहिता लिहिता माझ्या मनात आलं, ऑपरेशन नीट झालं तर हा कागद मागून घ्यावा आणि फाडावा. मी अशी आहे. म्हणून तो मथुरावहिनीकडे ठेवते. तिला वाचता येत नाय, तोंडी सांगितलंय, मी मागितला, रडले, तुझ्या पाया पडले तरी देऊ नको. ऑपरेशनच्या आठव्या दिवशी अंगणवाडीच्या प्रभावतीबाईंकडून उघडून वाचून घे.

हे मी लिहिलं आणि खालच्या दोघींसमोर सही केली. आतलं त्यांनी वाचलेलं नाय.

राही केरू आडिवरेकर

साक्षीदार:
प्रभावती राजेंद्र कांबळे (सही)
मथुरा आडिवरेकर (डाव्या अंगठ्याचा ठसा)

मिरजोळे, रत्नागिरी
सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

बाई, नाहीतर जो कोण हे वाचेल त्याने, मी मेलेली असो की बरी होऊन घरात भाकऱ्या थापत असो, माझ्या भावाला फोन लावा. नाट्याला जेटीवर बर्फवाल्याकडे फोन आहे, नंबर पाठी लिहिलाय. काशीरामला बोलवा म्हणा. त्याला सांगा, सरांनी काय केलं नव्हतं, राही खोटं बोलली, दापोलीला जाऊन त्यांच्या पाया पड. तो मला शिव्या घालील, घालू दे. मला विचारायला थांबू नका, फोन तेवढा लावा.