गाजरात रुतलेला चमचा

मी, खाली सही करणारा, निवृत्त अन्नतंत्रज्ञ, अंगाने आजारी पण डोक्याने शाबूत असताना, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. पत्नी शेजारीच बसली आहे. ‘धाकाशिवाय’ हा शब्द वकीलबाईंच्या आग्रहाखातर घातला. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले. ते कधी कामाचे होते का, हे तपासायचे यंत्र त्यांच्याकडे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा पहिला प्रयोग नेहमी फसतो, तरी वारसांनी सांभाळून घ्यावे.

कलम १. मागची खोली सोडून सगळे घर, बँकेतली शिल्लक आणि खिडकीजवळची आरामखुर्ची पत्नीला. तिने माझे फसलेले सगळे नमुने तक्रार न करता खाल्ले, असे इथे लिहिणार होतो. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात. तिने तक्रार करून खाल्ले. माझ्या जादा प्रथिनांच्या बिस्किटांपैकी एक अजून मागच्या दाराला पाचर म्हणून लावलेले आहे. तेही तिलाच. झीज झालेली नाही.

कलम २. गाडी आणि पुस्तकांचे कपाट चिरंजीवांना. मागची खोली, म्हणजे माझी प्रयोगांची खोली, भाड्याने द्यावी असे त्यांनी दोनदा सुचवले. सूचना व्यवहारी आहे आणि त्याच कारणाने मी ती फेटाळत आलो आहे.

कलम ३. माझा बारीक वजनाचा तराजू शेजारच्या शिंपीकाकांना द्यायचा होता. त्यांना तो फार आवडतो. कापड मोजणाऱ्या माणसाला तो कशाला हवा, ते विचारू नये. पण ते या मृत्युपत्राला साक्षीदार राहायला कबूल झाले आणि वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. काकांनी भिडेखातर शब्द दिला आणि तराजू गमावला. तो आता घरातच राहील. काकांनी येऊन बघून जावा.

कलम ४. कारखान्यातले माझे साहेब. यांना मी एक झाकण ठेवतो, आणि ते का, हे लिहिणे भाग आहे.

आमच्या कारखान्यात आजाऱ्यांसाठी पौष्टिक कस्टर्ड बनत असे. छोटे गोल कप, वर चिकटवलेले झाकण. रुग्णालयांतून ते कप भरलेलेच परत येत. मी गोडी कमी केली, वास बदलला, रंग बदलला, प्रथिने वाढवली. तरी कप परत. मग मी म्हणू लागलो की आजाऱ्यांच्या जिभेला चवच नसते. नाचता येईना, अंगण वाकडे. पुढे सासूबाई रुग्णालयात होत्या, तेव्हा मी मोठ्या ऐटीत गेलो आणि कस्टर्डबद्दल त्यांचे मत विचारले. त्या म्हणाल्या, “चव छानच असेल हो, जावईबापू. पण तेवढं झाकण उघडून द्याल का? कालपासून बघतेय मी त्याच्याकडे.”

झाकण ओढायचे टोक नखाएवढे होते. अशक्त बोटांत ते धरताच येत नव्हते. मी चवीचे सगळे जग पालथे घातले आणि काखेत कळसा. त्या दिवसापासून मी चुलीपाशी उभे राहणे कमी केले आणि जिथे उष्टी ताटे परत येतात तिथे उभा राहू लागलो. पोषणाची पुस्तके सगळ्यांकडे असतात. पण अन्न पोटात जाईपर्यंत प्रथिने म्हणजे नुसती कागदावरची बेरीज, आणि ते पोटात का जात नाही हे शोधायला जिभेपेक्षा कल्पना जास्त लागते. टोक अंगठ्याएवढे करा म्हटल्यावर साहेब म्हणाले, असं कधी केलेलं नाही. कप रिकामे येऊ लागल्यावर म्हणाले, कल्पना त्यांचीच होती. म्हणून त्यांना जुन्या पद्धतीचे, नखाएवढ्या टोकाचे एक झाकण. कप भरून द्यावा. सावकाश उघडावा.

कलम ५. माझे टोपणनाव ‘अळणी’ कोणी घेऊ नये. ते माझ्याबरोबर जाईल. आमच्या चव घेण्याच्या खोलीत नियम होता: चांगले-वाईट म्हणायचे नाही, कारण एकाचे मत ऐकले की दुसऱ्याची जीभ बिघडते. खारट, चिकट, रवाळ, एवढेच सांगायचे. हा नियम मी घरी आणला. मुलीने लहानपणी पहिला केक केला, तेव्हा मी म्हणालो, मध्यभागी ओलसर, कडेला खरपूस. तिची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मला वाटले, घसा बसला असेल.

कलम ६. आता मुलगी. ती रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. ज्यांना गिळता येत नाही त्यांना तिथे सगळे वाटून देतात. गाजर असो, बटाटा असो, पुढ्यात येतो एकच राखी लगदा. तो पाहून भूक मरते, हे मी अधिकाराने सांगतो, कारण या आजारात माझेही गिळणे बिघडले आणि घरी माझ्याही पुढ्यात तोच लगदा येतो. दात आहेत तर चणे नाहीत, असे म्हणतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. मधला रस्ता बंद आहे. माझे ताट असेच परत जात राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

मुलीने एक युक्ती काढली. शिजवलेले गाजर वाटायचे, घट्ट करणारी पूड घालायची आणि ते पुन्हा गाजराच्या आकाराच्या साच्यात ओतायचे. दिसायला गाजर, जिभेवर ठेवले की विरघळले. साचे याच मागच्या खोलीत झाले. आणि गाजर इतके हुबेहूब वठले की पहिल्याच दिवशी सगळी ताटे जशीच्या तशी परत आली. रुग्णांना ताकीद होती, कडक खाल तर ठसका लागून जीव जाईल. त्यांनी गाजर पाहिले आणि शहाण्यासारखे तोंड मिटून घेतले. परिचारिका तर, हे कुणी वाढलं, म्हणून ओरडत आली. असा घोळ फक्त आमच्या धंद्यात होऊ शकतो, आणि त्यातही आमच्या घरात.

तिचे हसे झाले. ती घरी येऊन म्हणाली की येत्या सोमवारी राजीनामा देणार. औषधे विकायचे काम मिळते आहे, तिथे डोके चालवावे लागत नाही. मला समजूत घालता येत नाही. मी एवढेच विचारले की परत आलेली ताटे नीट पाहिलीस का. ती तणतणत निघून गेली.

आज दुपारी तिने माझ्यापुढे ताट ठेवले. गाजर तेच. फक्त त्यात एक चमचा उभा रुतवलेला होता, अर्ध्यापर्यंत. कोणी काही सांगायची गरजच नव्हती. चमचा सांगत होता की हे मऊ आहे. मी खाल्ले. ताट रिकामे परत गेले. तिने ते उचलले, माझ्याकडे पाहिले, आणि मी सवयीने म्हणालो, “किंचित चिकट.”

कलम ७. मागची खोली, साचे आणि भट्टी मुलीला. अट एकच: दरवर्षी तिथे निदान एक पदार्थ पार फसला पाहिजे. तिने हे काम सोडले, तर खोली चिरंजीवांनी खुशाल भाड्याने द्यावी.

कलम ८. याशिवाय माझ्याजवळ ‘छान’ हा एक शब्द आहे, उभ्या जन्मात न वापरलेला, कोरा करकरीत. तो माझ्या पश्चात, गाजराबद्दल, मुलीला द्यावा. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावा.

इथवर पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अहो, पोरगी आत भांडी घासतेय. तुम्ही गेल्यावर तो शब्द घेऊन ती काय करील?”

दुरुस्ती. कलम ८ रद्द. सदर ऐवज मी हयात व शुद्धीवर असताना, पत्नीसमक्ष, मुलीला हातोहात दिला. तिने नळ बंद केला आणि तो शब्द पुन्हा एकदा मागून घेतला. मग ओल्या हातांनीच डोळे पुसत म्हणाली, “मीठ कमी होतं ना, बाबा?”

“होतं.”

“रुग्णालयातल्यांनाही कमीच वाटणार मग. सोमवारी जास्त घालून बघते.”

सही: अळणी
साक्षीदार: शिंपीकाका (तराजूवर पाणी सोडून), आमचे डॉक्टर (नळी न घेता आले)
स्थळ: ‘मागची खोली’ हे खोडून, स्वयंपाकघर
दिनांक: शुक्रवार, ताट रिकामे झाल्यावर