मालूच्या उजव्या पायाची रेघ

पेण,
१५ जानेवारी २००९

प्रिय मालू,

पत्र बघून दचकशील. फोन असताना बाईंना कागद का काळा करावासा वाटला, असं म्हणशील. अगं, चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा तुझ्या पोरींची चौकशी करून ठेवून दिला. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून मुलींना दामटवणारी मी, पण हे तोंडाने सांगायला माझी जीभच उचलत नाही. तेव्हा कागदच बरा. जिथे राग येईल तिथे थांब, पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात खांबला तू शिकवतेस त्या पोरींचा खेळ बघायला आले होते ना, त्या दिवसापासून झोप उडाली आहे. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेली तू, डोळे लाल, तरी सकाळी सातला भात कापलेल्या शेतात हजर. कौतुक वाटलं. मग जवळ आले आणि बघितलं, तर चेंडू टाकणाऱ्या प्रत्येक पोरीच्या उजव्या घोट्याला सुतळी, आणि सुतळीचं टोक मागे ठोकलेल्या खुंटीला. वासरू बांधतात तसं. हे काय म्हणून विचारलं तर तू हसत म्हणालीस, "पाय उचलायची सवयच लागाया नको, बाई. माझं झालं तसं यांचं नको." मी चहा अर्धा ठेवून उठले, गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला पाऊण तास होता. तो सगळा वेळ खांबच्या नाक्यावर उन्हात उभी होते.

तुझे ते कॅनव्हासचे बूट आठवतात का गं? गागोद्याहून पेणला शाळेत यायचीस तेव्हाचे. डावा बूट धड, आणि उजव्याचा अंगठ्याकडचा भाग दर महिन्याला फाटलेला. तुझी आई, गिरजाबाई, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून तो शिवायच्या आणि मला म्हणायच्या, "बाई, पोरगी एकाच पायान चालते काय वो?" मी त्यांना समजावून सांगितलं होतं की सॉफ्टबॉलमध्ये पिचरने चेंडू सोडताना मागचा पाय हवेत उचलायचा नसतो, जमिनीवरून घासत आणायचा असतो. उचलला तर ती इल्लीगल पिच. तुमची पोरगी नियमाने टाकते म्हणून तिचा बूट फाटतो. तुझ्या वडिलांना, बाबाजींना, हे इतकं पटलं की पुढच्या वर्षी भातामागून वाल पेरताना त्यांनी बांधाकडचा एक पट्टा तुझ्या सरावासाठी रिकामा सोडला. शेतकरी माणूस, शेंगांवर पाणी सोडतो म्हणजे काय, ते मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून तर आज जास्त लागतं.

आता रोह्याची ती मॅच. अकरा वर्षं झाली. सीनियर महिलांची जिल्हा स्पर्धा, पेण विरुद्ध रोहा, फायनल. त्यातूनच राज्याच्या स्पर्धेसाठी मुली निवडायच्या होत्या आणि तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. दुसरा अंपायर आला नाही, म्हणून मला उभं केलं. नको म्हणायला हवं होतं. माझ्याच हाताखालची पोरगी चेंडू टाकणार आणि मी तिच्या मागे उभं राहून न्याय देणार! पण मला वाटलं, मी कुठे कुणाची भीड धरते? हा माझा जुना गर्व. सहाव्या इनिंगला प्रेक्षकांतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "घरची अंपायर हाय, तिला कसा दिसल पाय!" लोक हसले. मी वळून बघितलं नाही, पण ते वाक्य कानात जाऊन बसलं.

शेवटची इनिंग. बरोबरी. रोह्याची मुलगी तिसऱ्या बेसवर, दोन बाद, बॅटरवर दोन स्ट्राइक. तू चेंडू सोडलास, बॅट हवेत फिरली, चेंडू कॅचरच्या हातात. आपल्या मुली नाचायलाच लागल्या. आणि माझा डावा हात आडवा झालेला होता, मूठ बंद. इल्लीगल पिच. बाद झालेली मुलगी नाबाद, आणि दंड म्हणून तिसऱ्या बेसवरची एक बेस पुढे, चालत घरी, म्हणजे विजयाची धाव. न पळता मॅच जिंकली त्यांनी. आपल्या मुली माझ्यावर ओरडत होत्या, तू मात्र जवळ येऊन हळूच विचारलंस, "बाई, माझा पाय उचलला?" मी म्हटलं, "हो." आणि तू म्हणालीस, "तुम्ही बघितलात ना? मग उचलला आसंल."

मालू, मी बघितलं नव्हतं. तुझ्या टाचेमागे धूळ उडालेली तेवढी मला दिसली. अगं, धूळ उडते ती पाय घासतो तेव्हा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण माझा हात वर गेला, कारण मला त्या हसणाऱ्या लोकांना दाखवायचं होतं की सुनीतीबाई घरच्या पोरीलाही सोडत नाही. सगळे बाजूला गेल्यावर मी पिचर जिथून चेंडू टाकते त्या फळीपाशी गेले. तिथे रेघ होती. फळीपासून सुरू झालेली, वीतभर लांब, कुठेही न तुटलेली. तू तिकडे झाडाखाली बूट काढत बसली होतीस. मला अजून हाक मारता आली असती, मुख्य अंपायरला ती रेघ दाखवता आली असती. मी बुटाने ती पुसली. एकदा पुसून भागलं नाही म्हणून दोनदा.

बाकीचं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. राज्याच्या स्पर्धेसाठी तुला घेतलं नाही. पुढच्या वर्षी तू पाय फळीला चिकटवून टाकायला लागलीस, सगळा जोर हातावर आला, खांदा गेला. गिरजाबाई मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आता बूट फाटत नाहीत. त्या सहज बोलल्या. मी त्या दिवशी जेवले नाही.

एवढी वर्षं गप्प राहिले, तशीच राहिलेही असते, मी काही मोठी सज्जन नाही. पण काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन संघटनेचे सचिव हैबतराव आले. रविवारी रोह्याला माझा सत्कार ठरलाय, निःपक्ष पंचगिरीबद्दल. त्याच मैदानावर, त्याच निकालाची आठवण म्हणून. आणि हार घालून माझ्याविषयी बोलायला तूच, स्वतःहून, तयार झाली आहेस म्हणे. मालू, तू हार आणू नकोस. माइकवर मीच उभी राहीन आणि हे सगळं तिथेच सांगेन, त्या हसणाऱ्यांतले कोणी उरले असतील तर त्यांच्यासमोर. पण चारचौघांत ऐकण्याआधी ते तुला एकटीला कळायला हवं होतं. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून धाटावला पाळीला येणाऱ्या शेजारच्या सगुणाच्या हाती हे देते आहे. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव, नाही केलंस तरी मी समजेन. फक्त एका गोष्टीसाठी रविवारची वाट बघू नकोस. तुझा पाय उचलला नव्हता. उद्या सकाळी शेतात गेलीस की आधी त्या पोरींच्या पायांतल्या सुतळ्या सोड.

तुझीच, तुझ्यावर अन्याय करणारी,
सुनीतीबाई