आईचं इंग्रजी

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७६, संध्याकाळ

कॉलेजच्या सरांनी इंग्रजी उच्चारांच्या सरावाला दिलेला टेपरेकॉर्डर उद्या परत करायचाय. मी वाचलेला धडा लावला, तर विड्या वळता वळता आई थबकली.

"ही मीच बोलतेय की गं. मी इंग्रजी कवा शिकले?"

"माझा आवाज आहे, आई."

"असू दे. पुन्यांदा लाव."

तीनदा ऐकलं तिनं, डोळे मिटून. मलाही वाटत राहिलं, हीच शिकून आलीय कुठूनतरी.

कॅसेट पुसून द्यायचं कबूल केलंय. बटणावर बोट ठेवून बसले, दाबवेना. शेवटी सरांना चिठ्ठी लिहिली, आणखी एक दिवस द्या. कारण? 'आईचं इंग्रजी अजून ऐकून झालेलं नाही.'

हे खोटं तर नाही ना?