बटणाची बिस्किटं

१३ सप्टेंबर
सकाळी नितीनचा फोन. चतुर्थीला आला होता तेव्हा माझी साखर तपासून घेतली, ती वाढलेली निघाली, तेव्हापासून माझा झील डॉक्टर झालाय. भात कमी कर, केळं नको, बिस्किटाचं तर नावच नको. आज पुढचं फर्मान. "आये, दिवाळीक येतंय. तेव्हा साखर खाली नसली तर सरळ बॅग भरूची. डोंबिवलीक ऱ्हवाचा माझ्याकडे. हयसर तुका एकटीक कोण बघतलो?"

मी म्हटलं, तव्यावर मासे जळतत, ठेव फोन. तव्यावर काही नव्हतं.

साखर माझी, मालवणात. हा डोंबिवलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोय.

त्याचं घर चौथ्या मजल्यावर. माझं शिलाईचं मशीन तिथे कुठे ठेवणार? बाल्कनीत? गिऱ्हाइकं काय रेल्वेने ब्लाऊज शिवायला येतील? आणि चहा हवा झाला की सुनेला विचारायचं. ती वाईट नाही. पण विचारायचं म्हणजे विचारायचंच. हे गेले तेव्हापासून मी कोणाला विचारून चहा प्यायलेली नाही.

मी जाणार नाही. बिस्कीटही सोडणार नाही. लिहून ठेवलं, झालं.

१५ सप्टें.
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन स्पष्ट विचारलं, बिस्कीट जन्माचं बंद का? म्हणाल्या, "बाजारातली मैद्याची नकोत. घरी कमी साखरेची करा, चहाबरोबर एखादं खा. पण एखादं म्हणजे एखादंच हं, आजी."
आजी म्हणाल्या ते आवडलं नाही. बाकी पटलं.

१९ सप्टें.
नाचणीचं पीठ, तूप थोडं, साखर चिमटीने. पीठ मळून बशीरभायच्या बेकरीत नेलं. दुपारी पाव काढून झाले की त्याची भट्टी निवत असते, तेव्हा बायका आपापलं पीठ घेऊन जातात. एकाच पत्र्यावर दोघीतिघींचं लागतं, म्हणून प्रत्येकीची खूण. कोणी काजू खोवते, कोणी काट्याच्या रेघा ओढते. माझी खूण शर्टाचं बटण. दाबलं की चार भोकं उमटतात. शिंपिणीची बिस्किटं लांबून ओळखू येतात.

बशीरभाय पीठ बघून म्हणाला, "वयनी, ह्या काय? नानकटाय की भाकरी?"
"भाज तू गप."

चार वाजता शेजारची सुलभा आली, रोज येते. चहा ठेवला. तिने एक चावलं, काढलं, पुन्हा बघितलं. "गो, ह्या बिस्कीट काय पाट्याचो तुकडो? माझी कवळी खंय गेली तर तू देतलंस?"
हसून हसून पोटात दुखलं. पण बिस्कीट खरंच दगड होतं. चहात बुडवलं तर चहाच संपला, ते तसंच.

२४ सप्टें.
आज गूळ घातला. गूळ म्हणजे औषध, साखर म्हणजे विष, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. भट्टीत सगळी पसरली, कडा करपल्या, बटणं बुजली. दिसायला शेणी. पण चव काय सांगू! सुलभा म्हणाली, "आता कसा माणसात इलंस." गुळाची म्हणून तिने खाल्ली, गुळाची म्हणून मीही खाल्ली. मोजली नाहीत.

२५ सप्टें.
नितीनने पाठवलेल्या साखर मोजायच्या मशीनवर बोट टोचून बघितलं. आकडा चतुर्थीपेक्षा वर.
मेल्या गुळा.
एका बाईच्या ब्लाऊजची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. नितीनचा फोन आला, घेतला नाही. भीती वाटली मला. खरंच वाटली. संध्याकाळी अंगणातून घर बघत बसले. माडाखाली ऊन दाखवायला पसरलेली कोकमाची सोलं आत घ्यायची पण आठवण राहिली नाही.

२६ सप्टें.
रडून झालं. भीती गेली नाही, पण राग आलाय, आणि रागात माझा हात नीट चालतो.

१ ऑक्टोबर
एका नवरीचा ब्लाऊज शिवत होते. जरीचा काठ कमी, म्हणून नेहमीप्रमाणे दिसतो तिथेच लावला, बाहीला आणि पाठीला. आत दुमडून कशाला वाया घालवायचा? आणि सुई हातातच राहिली. अगो, साखर पण तशीच! आत मळून काय उपयोग, पोटाला थोडीच गोड लागते. जिभेला लागेल तिथेच लावायची.

लगेच उठले. नाचणी आणि गहू निम्मेनिम्मे, काजू दळून, भाजलेलं सुकं खोबरं, तूप हात न आखडता, जायफळ, मिठाचा कण. साखर आत नावापुरती. बिस्किटं छोटी थापली आणि फक्त वरची, जिभेला लागणारी बाजू जाड साखरेवर हलकेच टेकवली. मग बटण.

बशीरभायने पत्रा काढला, एक उचललं, खाल्लं. दुसरं उचललं. मी म्हटलं, "भाकरी ना ती?" म्हणतो, "वयनी, दिवाळीक माझ्या काचेच्या कपाटात इकूक ठेवशात?"

४ ऑक्टो.
आता रोज चार वाजता एक. एकच. डबा सुलभाकडे ठेवलाय, ती येताना दोन घेऊन येते, एक तिचं, एक माझं. दुसरं मागितलं तर म्हणते, "तुझो झील माका फाडून खायत." स्वतः मात्र येताना वाटेत किती खाते देव जाणे, डबा लवकर संपतो.
सकाळी देवळापर्यंत चालते. भात एक वाटी. आकडा बघते. उतरतोय, पण लाडात येत नाही मी.

११ ऑक्टो.
नितीन फोनवर: "आये, बिस्किटा करतंस म्हणान ऐकलंय. तुका कळना कसा नाय?" कोणी सांगितलं विचारलं तर विषयच बदलला. सुलभाच असणार. तिला चांगली झापली. ती म्हणते, "मी कौतुकान सांगलंय गो." कौतुक कशाशी खातात ते हिला ठाऊक नाही.
नितीनला एवढंच म्हटलं, तू ये, मगे बघूया.

१७ ऑक्टो.
नितीन आला. कुडाळला उतरला, रिक्षा करून दुपारी घरात. पिशवीतून माझी जुनी बॅग काढली, चतुर्थीला मुंबईला घेऊन गेला होता ती. चेन दुरुस्त करून आणलीय म्हणे. चेन मला दुरुस्त करता येत नाही? मी शिंपीण.

शर्ट पोटावर ताणलेला. बटणं आता सुटतात की मग. पोटाचं माप डोळ्यांनीच घेतलं, चतुर्थीपेक्षा वाढलंय.

चार वाजता सुलभा आज अख्खा डबा घेऊन आली, नितीन आला म्हणून. नितीनने डबा तिच्या हातातून घेतला, कपाळाला आठ्या. "ह्या आता बंद, आये." बोलता बोलता एक तोंडात. मग दुसरं. सुलभा माझ्याकडे बघतेय, मी चहाकडे. डबा रिकामा होत आला तसा म्हणतो, "बरी आसत. खंयच्या बेकरीची?"
"माझी. साखर चिमूटभर. तू दिवसाक किती खातंस असली?"
"माझा सोड."
"नाय सोडणा. बोट हयसर हाड."

मशीन काढलं. तो हसत होता, आई चेष्टा करते असं वाटलं असणार. टोचलं. आकडा आला तसा हसणं थांबलं. माझ्या गुळाच्या दिवसापेक्षा वर. सुलभाने डब्याचं झाकण लावलं.

"आताच खाल्लंय म्हणान," तो म्हणाला. असेलही. ट्रेनमध्ये पण काय काय खाल्लं असेल. मी म्हटलं, बरं, उद्या सकाळी उपाशीपोटी बघू, तुझा आणि माझा.

जेवताना भात एक वाटीच घेतला त्याने. मी वाढायचा थांबले तेव्हा वर बघितलं, पण मागितला नाही. लहानपणी ताप आला की असाच बघायचा. जिंकायचं होतं मला, पण असं नव्हतं.

बॅग पडवीत उघडी पडलीय. त्याने भरली नाही, मी उचलली नाही. माझा आकडा उद्या काय येईल सांगता येत नाही, आज हातचलाखीने दीड बिस्कीट खाल्लंय. आला वर तर आला. तरी मी जायची नाही. आणि त्याचा वर आला तर तुळशीच्या लग्नापर्यंत तोही जायचा नाही, सुनेला मी फोन करीन.

उद्यासाठी पीठ मळून ठेवलंय, दुप्पट. त्याच्या बिस्किटांना वेगळी खूण हवी. बटणांच्या डब्यात शोधलं तर त्याच्या शाळेच्या शर्टाचं एक मिळालं, दोन भोकांचं.